टोमॅटोच्या वाफ्यातली पाटी

कॅन्ससमधल्या त्या छोट्या गावात रिपब्लिकन सिनेटर व्हर्लिन टटल डेमोक्रॅटांच्या प्रचार कार्यालयात शिरले, तेव्हा आतली बडबड थांबली. उभा जन्म त्यांनी या पक्षाच्या नावाने बोटं मोडली होती.

"अंगणात लावायची पाटी हवी होती," टोपी काढत ते म्हणाले.

"तुम्हाला पाडा म्हणणारी?" कार्यालय सांभाळणाऱ्या बर्नडीनबाईंनी विचारलं.

"तीच. आमची ही, लोरेना, दर निवडणुकीला मागच्या दारी टोमॅटोच्या वाफ्यात लावायची. मी उपटून फेकायचो, तर सकाळी पुन्हा तिथेच उभी. ती गेल्यावरची ही पहिलीच निवडणूक. वाफा ओकाबोका दिसतो."

"आणि कुणी फोटो काढला तर? हराल हो."

"हरलो तर घरीच बसायचंय. मग त्या रिकाम्या वाफ्याकडे बघत कसा बसू?"

बाईंनी दोन पाट्या त्यांच्या हातात ठेवल्या.

"एक पुरे."

"लोरेना दर वेळी दोन न्यायची, सिनेटरसाहेब. म्हणायची, एक आमचे हे उपटतील. तेवढंच त्यांना घरात जिंकल्याचं सुख."