राणीच्या किल्ल्याचा दरवाजा

“डोळे पूस आधी,” ग्लेनिसने वॉर्डाच्या दाराबाहेरच नेव्हिलची बाही धरली. “आत जाऊन रडलास तर माझ्याशी गाठ आहे.”

नेव्हिलने डोळे पुसले. डॉक्टर काय म्हणाले ते तिने त्याला आत्ताच चहाच्या यंत्रापाशी सांगितलं होतं. आता औषधाचा उपयोग नाही. कीथला नाताळ दिसेल असं धरून चालू नका. तिच्या नवऱ्याला, कीथला, मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानेच डॉक्टरांना बजावलं होतं, जे असेल ते बायकोला सांगा, मी विचारल्याशिवाय मला सांगायचं नाही. आणि त्याने विचारलं नव्हतं. घरी गेल्यावर बागेतल्या शेडचं छप्पर बदलायच्या गोष्टी तो करत होता. ती आशा त्याच्याजवळ राहू द्यायची, एवढंच आता या दोघांच्या हातात होतं.

“जमेल मला,” नेव्हिल म्हणाला. “जन्मभर त्याच्यासमोर बसून खोटे फासे सांगत आलोय.”

कीथ उशांना टेकून बसला होता. जेवणाचा ट्रे बाजूला सारून त्याने नकाशा पसरला होता आणि फासे पांघरुणावर ठेवले होते. बुधवार म्हणजे खेळाचा दिवस. एरवी तो डर्बीतल्या एका पबच्या मागच्या खोलीत व्हायचा, या महिन्यात इथे होत होता.

“ये लेका, आलास का? तुझं सैन्य केव्हाचं खंदकापाशी भिजत पडलंय.”

“भिजू दे. इंग्लंडातलंच आहे ते.”

कीथ हसला आणि हसता हसता खोकत राहिला. नेव्हिल तेवढा वेळ नकाशातल्या डोंगरांकडे बघत बसला.

खेळ चालवायचा कीथ. जग त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यात लढायचं, मरायचं. ते जग एका जुन्या पुस्तकातलं होतं आणि त्या जगाला एक राणी होती. कीथ तिला यस्काएल म्हणायचा आणि नेव्हिल इशेल. देवनागरीत छापलं असतं तर हे भांडण जन्मालाच आलं नसतं. इंग्रजीत मात्र छापणारा अक्षरं कोंबून मोकळा होतो आणि निस्तरायचं वाचणाऱ्याने. दोघांच्या डोक्यावर भरपूर केस होते तेव्हा सुरू झालेला हा वाद टक्कल पडलं, नातवंडं झाली तरी मिटला नव्हता. कीथने तर राणीच्या किल्ल्यावर एक पहारेकरी नेमला होता. राणीचं नाव कीथसारखं घेतल्याशिवाय तो दरवाजा उघडत नसे. नेव्हिलने ते तसं कधी घेतलं नाही. प्रत्येक वेळी त्याचे सैनिक खंदकात बुडत, उकळतं तेल अंगावर घेत तटावर चढायचे आणि निम्मे मरायचे.

“अरे, म्हण ना एकदा,” त्यांच्यातला तिसरा गडी, इम्रान, कपाळाला हात लावायचा. “जीभ झिजते का तुझी?”

“झिजते,” नेव्हिल म्हणायचा आणि शिड्या मागवायचा. मग कीथ इतका खूश व्हायचा की त्याची बिअर तशीच राहायची.

आता कीथने पाठ ताठ केली. “थांब,” तो पहारेकऱ्याच्या आवाजात गरजला. “कुणाच्या दाराशी आलायस? नाव घे तिचं.” गर्जना अर्ध्यातच संपली. त्याला धाप लागली. पांघरुणावरचा त्याचा हात सुयांनी काळानिळा झाला होता.

 या माणसावर नेव्हिलचा जीव होता आणि तसं बोलून दाखवायची रीत दोघांच्यात नव्हती. आता शिड्या लावायच्या, तेल ओतायचं, फासे टाकत बसायचं, त्यात सगळी दुपार जाणार. याच्याजवळ दुपारी उरल्या होत्या किती? एकदा तरी याला जिंकू द्यावं, असं त्याच्या मनात आलं. आपलं काय जातंय?

“यस्काएल,” तो म्हणाला. कीथ म्हणायचा तस्संच, स्वच्छ. “यस्काएल राणीच्या दाराशी आलोय. उघड.”

त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं की आवाजात कंप नव्हता. ग्लेनिसने बघायला हवं होतं, असं त्याला वाटलं. आता कीथ ट्रेवर थाप मारेल, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडेल, नर्स येऊन दोघांना दटावेल. तो वाट बघत राहिला.

कीथने थाप मारली नाही. दरवाजाही उघडला नाही. त्याने नेव्हिलच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्याने पांघरुणावरचे फासे एकेक करून उचलले, डबीत टाकले आणि डबीचं झाकण लावलं.

“डॉक्टरांनी ग्लेनिसला किती दिवस सांगितलेत?” त्याने विचारलं.