लोकरीचा करगोटा

उमाजीनं डावा डोळा गच्च मिटला, उजवा सूक्ष्मदर्शक दुर्बिणीच्या नळीला लावला आणि तोंडाचा आ करून पाहत राहिला. काचेखाली लालसर तुकडे होते, कातरताना गळालेल्या लोकरीसारखे. दोन-दोन, अंगाला अंग लावून.

"जोडीजोडीनं हायत की!"

व्यंकटराव मास्तर हसले. परभणीच्या नव्या शेती कॉलेजात ते शिकवत. पोटऱ्यातल्या ज्वारीची कोवळी कणसं आणायची, फुलातलं केसर रंगात चिरडायचं आणि शेतावरच्या ओसरीत उन्हाला बसून पाहायचं, हा त्यांचा सकाळचा उद्योग. शेजारच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेला उमाजी तीन दिवस लांबून मान उंचावून बघत होता. आज मास्तरांनीच त्याला हाक मारली होती.

"गुणांचे वीस दोरे. दहा आईकडचे, दहा बापाकडचे," मास्तर म्हणाले. "पराग धरायच्या आधी असे जोडीला येतात आणि मग एकमेकांना सोडतात. जोडीतला एकच पुढं जातो. कुठला, ते कुणाच्या हातात नाही. माणसात असंच, मेंढरात असंच."

उमाजीनं नळीवरचा डोळा काढला नाही. मास्तरांच्या तोंडाकडं न बघता बोलणं सोपं होतं.

"समजा, एक कोकरू हाय. मायबाप काळ्या डोळ्याचे अन् कोकरू घारं. मंग ते दुसऱ्याच्या एडक्याचंच म्हनायचं ना?"

"कोकराचं मला नक्की ठाऊक नाही. माणसाच्या लेकराचं सांगतो. घारेपणा काळ्याखाली दडून बसतो, दोन-दोन, तीन-तीन पिढ्या दिसत नाही. आईकडचा आणि बापाकडचा, दोन्ही घारे दोरे एका लेकरात आले, की दिसतो."

"दोनीकडनं यावं लागतं?"

"बहुतेक दोन्हीकडनं."

"बापाकडं कुठनं आला मंग?"

"त्याच्या आईबापाकडनं. म्हणजे लेकराच्या आज्याकडनं म्हणा, नाहीतर आजीकडनं."

उमाजीनं नळीवरचा डोळा झटकन काढला. पोखर्णीपासून झरीपर्यंत कोकरू कुणाच्या एडक्याचं असा तंटा पडला, की बोलावणं त्यालाच यायचं, आणि त्याची एक नजर पुरायची. तीच नजर त्यानं पंधरा दिवसांमागं नातवाच्या जावळाला चालवली. त्याच्या घरची रीत अशी, की आज्यानं आपल्या कळपाच्या लोकरीचा करगोटा नातवाच्या कमरेला बांधायचा. उमाजीनं पोराचे घारे डोळे पाहिले, दोरा बंडीच्या खिशात टाकला आणि भरल्या माणसांत म्हणाला, "हे आपल्या कळपातलं न्हाई." तेव्हापासून त्याचा लेक मल्हारी बायकोच्या हातचं जेवत नव्हता.

खरी लाज पुढंच होती. उमाजीच्या आजीला, तानुबाईला, सगळा तांडा 'मांजरी' म्हणायचा, डोळ्यांमुळंच. जावळाच्याच दिवशी सांजेला त्याला ती आठवली होती. पण दिलेला शब्द गिळायचा, तर तेवढ्याच माणसांसमोर गिळावा लागला असता. म्हणून त्यानं आजीला पुन्हा विसरून टाकलं.

"काय झालं, उमाजी?"

"काय न्हाई, मास्तर. डोळ्यात पानी आलं. सवय न्हाई."

तो उठला आणि तडक रानात गेला. मल्हारी मेंढ्या घेऊन लांब गेला होता. सून केवळाबाई बाभळीखाली कोकरं राखत बसली होती. मांडीवर पोर, आणि पोराचं टोपडं पार नाकापर्यंत ओढलेलं. पोर मुठीनं ते वर सारायचं, ती पुन्हा खाली ओढायची. पंधरा दिवस तिचं हेच चाललं होतं, आणि उमाजीनं आज ते पहिल्यांदा पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो समोर बसला. खिशातला दोरा काढला.

"कंबर उघडी कर त्याची, पोरी. करगोटा बांधायचाय."

केवळाबाईनं पदर सावरला आणि झबलं वर केलं. उमाजीनं दोऱ्याला गाठ मारली.

"आता टोपडं वर घे. बघू दे त्याला."

केवळाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. झरीच्या बाजाराची दोन-तीन माणसं येत होती. तिनं पोराला छातीशी धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आत्ता नगं, मामंजी. मानसं यायलीत. तुमचा शब्द खाली पडंल."

आणि तिनं टोपडं आणखी खाली ओढलं.