हाताला लागेल तो

"हा फोन तुमच्या नेहमीच्या प्रॉडक्शन लाइनवरचा आहे, की आमच्यासाठी वेगळा तयार केलाय?" पडद्यावरच्या जर्मन बाईंनी इंग्रजीत विचारलं, आणि नागोयाच्या त्या मीटिंग-रूममधले सगळे नंदकिशोरकडे बघायला लागले.

बघणारच. इंग्रजी आणि जपानी दोन्ही धड येणारा खोलीत तो एकटाच. चिंचवडहून इंजिनिअर म्हणून आला आणि दुभाष्या होऊन बसला. कंपनीचा हा बिनतारी फोन म्हाताऱ्या माणसांसाठी होता. लाल बटण दाबलं की थेट मदतीला फोन जायचा. युरोपात विकायचा तर तिथल्या, म्हणजे या बाईंच्या, प्रयोगशाळेचा होकार हवा. युरोपात आता सगळीकडे एकच नियम झालाय, असं म्हणणाऱ्याला नंदकिशोरने आठवडाभर आपल्या खुर्चीत बसवलं असतं. ब्रिटनचं वेगळं, स्वित्झर्लंडचं वेगळं, कोणाला माहितीपत्रक स्वतःच्याच भाषेत हवं, कोणाच्या भिंतीतलं टेलिफोनचं सॉकेटच निराळं. दीड वर्ष तो हेच दळण दळत होता. आता घोडं या एका प्रश्नावर अडलं होतं.

बाईंचा संशय उगाच नव्हता. फोन चाचणीत इतका उत्तम उतरला की त्यांनी तो उघडून पाहिला, आणि आतले स्क्रू काढून पुन्हा बसवल्याच्या खुणा त्यांना दिसल्या.

नंदकिशोरने प्रश्न जपानीत सांगितला. कारखान्यातल्या लाइनचे प्रमुख मोरिता-सान खुर्चीत ताठ झाले. असल्या मीटिंगमध्ये त्यांना एरवी कोणी काही विचारत नसे, त्यामुळे त्यांचा चेहरा उजळला. तयार फोनच्या ढिगातून हा एक त्यांनी स्वतः निवडला होता. दोन दिवस बसून त्याचा अँटेना जुळवला होता, बटणांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. परक्यांच्या घरी जाणारी वस्तू. कोणाकडे खरबूज न्यायचं तरी आपण डाग नसलेलं बघून घेतो, असं ते म्हणाले.

"नीट सांगा त्यांना. आम्ही फार मनापासून पाठवलाय."

हे जसंच्या तसं सांगितलं तर चाचणी रद्द, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. युरोपची ऑर्डर लांबली तर मोरिता-सानची लाइन बंद करायचं घाटत होतं, आणि ते मोरिता-साननाही ठाऊक होतं. नंदकिशोरचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट येत्या वसंतात संपत होतं. ते वाढवणं होरी-सानच्या हातात.

ते होरी-सान, विभागप्रमुख, टेबलाकडे बघत हळूच म्हणाले, "नंदो-सान, थोडक्यात सांगितलं तरी चालेल." नंदकिशोरचं इथे 'नंदो' झालं होतं.

या ऑफिसात कोणी कोणाला खोटं बोलायला सांगत नाही. एवढंच सांगतात.

आणि थोडक्यात सांगणं अवघड नव्हतं. लाइनवरचाच आहे म्हटलं असतं की झालं असतं. मोरिता-साननी उचलला लाइनवरूनच होता. नंदकिशोरने त्यासाठी तोंडही उघडलं. पण दर देशाला दर गोष्ट गोड करून सांगून तो विटला होता. आणि युरोपातल्या ज्या म्हातारीच्या हातात हा फोन पडेल, तिच्या फोनपाशी मोरिता-सान दोन दिवस बसलेले नसणार.

त्याने सगळं सांगितलं. खरबुजासकट.

बाई हसल्या नाहीत. हा निकाल आम्हाला ग्राह्य धरता येणार नाही, म्हणाल्या. दुसरा फोन पाठवा. कोणीही निवडायचा नाही, हाताला लागेल तो. मग आभार मानून त्या गेल्या. होरी-सान लॅपटॉप मिटून उठले. काम आटोपल्यावर इथे शिपायालाही 'ओत्सुकारे-सामा' म्हणतात, तेसुद्धा न म्हणता बाहेर पडले.

नंदकिशोरने बाईंचं म्हणणं मोरिता-सानना सांगितलं.

"मनापासून पाठवला, ते सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"तरी?"

नंदकिशोरने कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं उचललं.

दोघं खाली लाइनवर गेले. पाळी सुटली होती. तयार फोन ट्रेमध्ये रचून ठेवले होते. मोरिता-साननी एकाकडे हात नेला, मागे घेतला, दुसऱ्यावर ठेवला. तो उचलून उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि जागच्या जागी ठेवून दिला. नंदकिशोरला त्यांची दया आली, आणि आपलीही.

"तुम्ही काढा," ते शेवटी म्हणाले. "माझा हात निवडतोच." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नंदकिशोरने न बघता हात घातला, लागला तो फोन उचलला आणि खोक्यात ठेवला.

"शुक्रवारच्या पाळीतला नाही ना?" मोरिता-साननी भिंतीकडे बघतच विचारलं. "शुक्रवारी माणसं दमलेली असतात."

नंदकिशोरने ट्रेवरची चिठ्ठी वाचली.

"शुक्रवारचाच आहे," तो म्हणाला, आणि त्याने खोक्याला चिकटपट्टी लावली.