लाल टिकल्यांचा नकाशा

एक टिकली कमी पडली. नकाशे तीस आणि चिकटवायच्या लाल टिकल्या एकोणतीस.

"राहू दे, आई," लेक म्हणाली. "बाकीच्यांना पुरव. माझ्या नकाशावर मी पेनाने फुली मारते."

इस्त्रीवालीने मान डोलावली. नकाशा लेकीनेच काढला होता. दिवसभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढणारी पोर, तिची रेघ कशी चुकेल? गल्ली, बोळ, प्रत्येक घराचा जिना, सगळं जागच्या जागी. खाली तिच्याच अक्षरात ओळ होती: 'जिथे सर्वांत जास्त भीती वाटते, तिथे टिकली लावा. नाव लिहू नका.' जिथे टिकल्या जास्त, तिथे दिवा आणि पोलीस चौकी, असं पालिकेच्या साहेबांनी कबूल केलं होतं.

गल्लीची कीर्ती अशी की रिक्षावाले नाक्यावरच उतरवून मोकळे होत. बंद गोदामाच्या बोळात चार महिन्यांत दोन पर्स हिसकावल्या गेल्या, एकाच्या दंडावर सुरा चालला. आता लेक म्हणत होती, "मी इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला जाते. मला इथे भीती वाटते." कशाची, विचारलं की नखं कुरतडत बसे. एकुलती एक लेक! ती गेली तर घर खायला उठेल. चौकी आली की ती राहील, एवढ्याच आशेवर बाईने हा नसता उद्योग अंगावर घेतला होता.

नकाशे फक्त बायकांसाठी होते. इस्त्रीचे कपडे पोचवता पोचवता ती ते वाटत गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने नकाशा बराच वेळ न्याहाळला. "नाव नाही ना लिहायचं? नक्की?"

"नाही हो."

"आणि तुमच्या घरात हे कोण उघडणार?"

"मीच. का बरं?"

"सहज विचारलं."

"एवढं काय घाबरायचं? आमचा भाऊ असतो की खाली पायरीवर."

"हो. असतात ना," शिक्षिका म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

इस्त्रीवालीला जरा लागलंच. भाऊ म्हणजे तिचा धाकटा, आता साऱ्या गल्लीचा मामा. कारखान्यातली रखवालदारी सुटली तेव्हा, दीड वर्षापूर्वी, तिने त्याला आपल्याकडे आणलं. आईमागे तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे त्याच्याविषयी वावगा शब्द ती ऐकून घेत नसे. दिवस कलला की काठी आणि बॅटरी घेऊन तो त्यांच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठाण मांडी. एकटी बाई दिसली की उठून तिच्या दारापर्यंत सोबत करी. फुकटचा रखवालदार! पण आभाराचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघेल तर शपथ.

चौथ्या दिवशी सगळे नकाशे परत आले. संध्याकाळी इस्त्री बाजूला ठेवून ती ते उघडायला बसली.

पहिल्या नकाशावर टिकली होती त्यांच्याच पायरीवर. दुसऱ्यावरही तिथेच. तिसऱ्यावरही. तिने नकाशा उलटा धरून पाहिला, पदराने चष्मा पुसला. दहा झाले, वीस झाले. गोदामाचा बोळ जवळजवळ कोरा. तिचं डोकंच चालेना. लोकांना वेड लागलंय की मला?

"काय ताई, लागला का निकाल?" भाऊ दारातून डोकावला.

"अरे, सगळ्यांनी टिकल्या आपल्याच पायरीवर लावल्यात. मला तर काही कळेनासं झालंय."

त्याने तिथूनच नकाशांकडे पाहिलं. मग हसला. "उलटं केलंय त्यांनी. जिथे भीती वाटत नाही तिथे लावल्यात. मी बसतो ना तिथे!"

"अगं बाई, खरंच की!" तिने कपाळावर हात मारला. लोक बोलून दाखवत नाहीत, पण जाण आहे तर. तिचा ऊर भरून आला. लगेच दुसरा विचार आला. अशाने बोळात चौकी कशी येणार? लेक कशी राहणार?

"पुन्हा वाटावे लागतील रे."

"कशाला त्रास करून घेतेस? दे इकडे, टाकून देतो."

"थांब, एक राहिलाय."

तो उंबऱ्यात घुटमळला. "भाची हल्ली दिसतच नाही येताना."

"मागच्या लोखंडी जिन्याने येते ती. बसथांब्यावरून जवळ पडतं म्हणे."

"असं होय." त्याने बॅटरी उचलली. "मग तिकडेच जाऊन उभा राहतो. अंधार पडायला लागलाय."

"जा बाबा. तेवढाच माझ्या जिवाचा घोर कमी."

त्याची पावलं खाली उतरत गेली. तिने निर्धास्त होऊन शेवटचा नकाशा उलगडला. टिकली नव्हती, म्हणजे लेकीचाच. ओळ लिहिणारी काही उलटं करायची नाही, तिने बोळच दाखवला असणार.

फुली पहिल्या पायरीवर होती, आणि पेन इतकं दाबलं होतं की तिथे कागद फाटला होता.