कोरी तारीख
पक्षप्रमुखांची पोस्टरं खळीनं चिकटवत वाढलेले सेंगुट्टवन एकदाचे तमिळनाडूचे मंत्री झाले, तेव्हा साऱ्यांसारखाच त्यांनीही राजीनामा आधीच लिहून, तारखेची जागा कोरी सोडून, प्रमुखांच्या पायाशी ठेवला होता. चार वर्षांनी गावच्या पुलाची फाइल अखेर टेबलावर आली. समोर थोरली अक्का बसलेली; पुरात तिचा नातू वाहून गेला होता. “कर की सही, तंबी!” ती धाकट्या भावाला म्हणाली. “ मुहूर्त बघतोस काय?” त्यांनी पेन उघडलं, तोच पीए धावत आला. “साहेब, थांबा! टीव्हीवर तुमचा राजीनामा दाखवताहेत. मागच्या सोमवारची तारीख आहे.” तीनदा लावूनही प्रमुखांनी फोन उचलला नाही. पीएनं फाइल हळूच मिटली. “आजची सही चालायची नाही.” अक्काला एवढंच कळलं. “मग कालची तारीख टाक की! मंत्री ना तू?” सेंगुट्टवननी पेनाचं टोपण लावलं. “कालही मी मंत्री नव्हतो, अक्का.”