वाट्याला आलेला हात

काळुरामला सत्याऐंशी साली बहिणीने किडनी दिली, तेव्हापासून कळव्याच्या घरात सणाला पहिलं ताट तिचं. बायकोचं, कमळाबाईचं, रक्त जुळलं नव्हतं. ते ताट वाढताना तिचा जीव जळायचा. तिच्या वाट्याला नवऱ्याचा डावा हात होता. डायलिसिससाठी मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. तिथली थरथर चालू आहे ना, ती रोज तळवा ठेवून बघायची. किडनी बसल्यावरही तिने ते सोडलं नाही. नऊ वर्षांनी त्याच जोडावर गाठ आली. लाखात एखाद्यालाच होणारा कॅन्सर, हात काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या सकाळी नणंद आली. "हात जाऊ दे, बाय, तुजी किडनी शाबूत हाय," काळुराम म्हणाला. नणंदेने रडत तो हात मांडीवर घेतला. कमळाबाईने तो सोडवला. "वन्स, किडनी उजवीकडं हाय, तिकडं बसा. हा हात काढेपर्यंत माझा हाय."