लेकीच्या मुरमांपायी

"अहो, हिचं लग्न व्हायचंय अजून!" हेमलताबाई डॉक्टरीणबाईंवर कडाडल्या. मुलीच्या मुरमांवर औषध मागितलं, तर आधी म्हणे गरोदर नसल्याची तपासणी, मग गर्भनिरोधक गोळ्या, आणि वर महिनाभर थांबायचं!

"या औषधानं पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. नियम सगळ्यांना सारखाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये हेमलताबाईंनी लेकीची अब्रू वाचवली. "गर्भनिरोधक गोळ्या मलाच हव्यात," त्यांनी ठणकावून सांगितलं.

दिवेलागणीला शेजारीण डोळे मिचकावत आली. "या वयात, वहिनी?"

ती जाताच हेमलताबाई नवऱ्यावर खेकसल्या, "अहो, तुम्ही तरी गल्लीला खरं काय ते सांगा!"

निवृत्तीला टेकलेले यजमान आरशासमोर मिशीला कलप लावत होते. "लेकीच्या अब्रूचा प्रश्न आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मी तोंड उघडणार नाही."